एमडी: दोन ग्रॅमच्या पलीकडे काय आहे?

विरार लोकलच्या लेडीज डब्यात कान उघडे ठेवले तर रोज एक बातमी मिळते. मागच्या महिन्यात नालासोपाऱ्याला चढलेल्या दोन मुली माझ्या शेजारी, दाराजवळच्या दाटीत उभ्या होत्या. पाठीवर सॅक, गळ्यात कॉलेजचं आयडी. एक म्हणाली, "अगं, एमडी म्हणजे एमडीएमएच. शॉर्टमध्ये एमडी म्हणतात." दुसरी म्हणाली, "मग ठीक आहे. ते पार्टीवालं असतं. त्याची सवय नाही लागत."

वसई रोडला गर्दीचा लोंढा आत आला आणि त्या दोघी आत ढकलल्या गेल्या. मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं, कारण त्या दोन-तीन वाक्यांत तीन चुका होत्या. एमडी म्हणजे एमडीएमए नाही. पार्टीत मिळतं म्हणून काही 'ठीक' होत नाही. आणि सवय लागते, चांगलीच लागते. खरं सांगायचं तर यातली पहिली चूक तेव्हा मलाही नीट सांगता आली नसती. म्हणून हा लेख. तुम्हाला घाबरवायला नाही, लेक्चर द्यायला तर अजिबात नाही. फक्त जे शब्द आपण इतक्या सहज वापरतो, ते काय आहेत एवढं एकदा नीट बघू.

आपल्या स्टेशनचं नाव

ऑगस्ट २०२२ आठवतोय? देशभरच्या टीव्हीवर नालासोपारा झळकलं होतं. मुंबई पोलिसांच्या अमली पदार्थविरोधी कक्षाच्या वरळी युनिटने नालासोपाऱ्यातून सातशे किलोहून जास्त एमडी पकडलं. पोलिसांनी त्याची किंमत सांगितली सुमारे १,४०३ कोटी रुपये. तपासाची सुरुवात झाली होती त्याच वर्षी मार्चमध्ये, गोवंडीत पकडलेल्या पाव किलो एमडीपासून. एकाकडून दुसऱ्याचं, दुसऱ्याकडून तिसऱ्याचं नाव निघत धागा आपल्या गावापर्यंत आला. पुढे त्याच महिन्यात तो गुजरातमध्ये अंकलेश्वरच्या कारखान्यापर्यंत गेला आणि तिथे आणखी पाचशे किलोच्या वर माल सापडला.

त्या बातमीतली एक ओळ माझ्या डोक्यातून जात नाही. पोलिसांच्या म्हणण्यानुसार यातला मुख्य आरोपी ऑरगॅनिक केमिस्ट्रीचा पदव्युत्तर शिकलेला माणूस होता. म्हणजे तुमच्यापैकी जे बीएस्सी-एमएस्सी करताय, त्यांच्यासारखाच कधीतरी लॅबमध्ये टायट्रेशन करत उभा असलेला. या मुद्द्याकडे शेवटी परत येऊ.

पावडरीच्या आत काय आहे?

एमडी म्हणजे मेफेड्रोन. पूर्ण रासायनिक नाव ४-मिथाइलमेथकॅथिनोन. एका रेणूत ११ कार्बन, १५ हायड्रोजन, एक नायट्रोजन आणि एक ऑक्सिजन. नावातला 'कॅथिनोन' हा शब्द महत्त्वाचा आहे. पूर्व आफ्रिका आणि येमेनमध्ये 'खात' नावाच्या झुडपाची पानं लोक शतकानुशतकं चघळत आलेत. त्या पानांत जो उत्तेजक पदार्थ असतो, तो कॅथिनोन. मेफेड्रोन हे त्याचं प्रयोगशाळेत तयार झालेलं भावंड. पानात ते कुठेही मिळत नाही. त्यामुळे कुणी 'हे नॅचरल आहे' म्हणालं तर ते सरळ खोटं आहे.

बारावीची केमिस्ट्री आठवा. अ‍ॅम्फेटामिनच्या सांगाड्यावर, बेंझिन रिंगच्या शेजारच्या कार्बनवर ऑक्सिजनचा एक डबल बाँड बसवला, म्हणजे कीटोन आला, की त्या घराण्याला म्हणतात कॅथिनोन. म्हणजे एमडीचं नातं अ‍ॅम्फेटामिनशी आहे. ते 'स्पीड'च्या कुळातलं आहे.

आता एमडीएमए. एक्स्टसी किंवा मॉली या नावाने जे ओळखलं जातं ते. तेही अ‍ॅम्फेटामिनच्याच कुळातलं, पण त्याच्या रिंगवर ऑक्सिजनची एक वेगळी जोडी बसलेली असते आणि कीटोन नसतो. कागदावर फरक तीन-चार अणूंचा. शरीरात मात्र परिणाम वेगळा, किती वेळ टिकणार ते वेगळं, आणि कायद्यातली नोंदही वेगळी. तिसरा गोंधळ एलएसडीचा. 'पेपर', 'स्टॅम्प', 'ब्लॉट' म्हणतात ते. ते या कुळातलंच नाही. १९३८ मध्ये स्वित्झर्लंडच्या बाझलमध्ये अल्बर्ट हॉफमन यांनी ते पहिल्यांदा बनवलं. मेंदूतल्या सेरोटोनिनच्या एका विशिष्ट रिसेप्टरवर ते काम करतं आणि माणसाला नसलेलं दिसायला, ऐकू यायला लागतं. असर आठ ते बारा तास राहू शकतो. एमडी मुख्यतः उत्तेजक, एलएसडी मुख्यतः भ्रम निर्माण करणारं, आणि एमडीएमए या दोघांच्या मधे कुठेतरी. तिन्ही कृत्रिम, तिन्ही बेकायदा, पण तिन्ही एक नाहीत.

मेफेड्रोनची पहिली नोंद १९२९ ची आहे. एका शोधनिबंधात ते छापून आलं आणि नंतर सत्तर-एक वर्षं कुणी त्याच्याकडे बघितलंही नाही. २००० नंतर कुणीतरी ते पुन्हा उकरून काढलं आणि इंटरनेटवर विक्री सुरू झाली. ब्रिटनमध्ये ते चक्क 'झाडांचं खत' म्हणून, पाकिटावर 'माणसांनी खाऊ नये' असं छापून विकलं जात होतं. तिथलंच त्याचं टोपणनाव 'म्याव म्याव'. १६ एप्रिल २०१० ला ब्रिटनने बंदी घातली. आपल्याकडे मुंबईत ते पसरलं त्यानंतर, आणि काही वर्षं ते एनडीपीएस कायद्याच्या यादीतच नव्हतं. फेब्रुवारी २०१५ मध्ये ते यादीत आलं. 'एमडी तर लीगल आहे' ही जी अफवा अजून फिरते, ती त्या जुन्या काळातली उरलेली आहे.

मेंदूत काय होतं?

मेंदूतल्या पेशी एकमेकींशी बोलतात ते रसायनांमार्फत. डोपामिन, सेरोटोनिन, नॉरअ‍ॅड्रेनलिन. काम झालं की ही रसायनं पेशी परत आत ओढून घेते. त्यासाठी पेशीच्या भिंतीवर पंप असतात. मेफेड्रोन हे पंप उलटे फिरवतं. जे आत जायला हवं ते बाहेर ओतलं जातं. एकदम. त्यामुळे काही मिनिटांत भारी वाटतं, बडबड वाढते, झोप उडते, सगळे आपले वाटतात. हे लपवण्यात अर्थ नाही. काहीच वाटलं नसतं तर कुणी घेतलंच नसतं.

पण अडचण तिथेच आहे. हा असर फार टिकत नाही. नाकाने ओढलं तर तास-दोन तासांत उतरायला लागतो. आणि उतरतो तेव्हा रिकाम्या झालेल्या टाकीसारखं वाटतं: उदास, चिडचिडं, घाबरंघुबरं. मग ती टाकी भरायला परत एकदा. मग अजून एकदा. एका रात्रीत पुन्हा पुन्हा घेत राहणं ही मेफेड्रोनची खास ओळख आहे. 'सवय नाही लागत' म्हणणाऱ्या मुलीला मला हेच सांगायचं होतं. सवय लागायला महिने लागतील असं आपण धरून चालतो. इथे तिची सुरुवात पहिल्याच रात्री होऊ शकते.

शरीराचं काय? हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढतो. रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे बोटं गार पडतात, कधी निळी दिसतात. जबडा घट्ट आवळला जातो, दात घासले जातात. नाकातून रक्त येतं. घाम फुटतो, अंगाचं तापमान वाढतं. छातीत दुखणं, फिट येणं, कुणीतरी मागे लागलंय असा संशय, भास. एखादं डिप्रेशनचं औषध चालू असेल तर त्याच्यासोबत सेरोटोनिन इतकं वाढू शकतं की जीवावर बेततं. दारूसोबत धोका आणखी वाढतो, कारण किती घेतलं याचा हिशोबच राहत नाही.

आणि मुळात पाकिटात एमडीच आहे हे कशावरून? २०१५ मध्ये मुंबई-साताऱ्यातल्या एका मोठ्या जप्तीची खूप चर्चा झाली. प्रयोगशाळेचा अहवाल आला तेव्हा त्या 'एमडी'च्या जागी निघालं मोनोसोडियम ग्लुटामेट, म्हणजे चायनीजच्या गाडीवरचं अजिनोमोटो! हसू येतं, पण उलटंही होऊ शकतं. पांढऱ्या पावडरीवर लेबल नसतं. पोलिसांना जे कळायला लॅब लागते, ते तुमच्या मित्राला चाखून कळणार आहे का?

कायदा वजन बघतो

आपला कायदा १९८५ चा. नार्कोटिक ड्रग्ज अँड सायकोट्रॉपिक सबस्टन्सेस अ‍ॅक्ट, म्हणजे एनडीपीएस. यात सगळा खेळ वजनाचा आहे. प्रत्येक पदार्थाला दोन आकडे दिलेत: अल्प मात्रा आणि व्यावसायिक मात्रा.

• गांजा: अल्प १ किलो, व्यावसायिक २० किलो
• चरस: अल्प १०० ग्रॅम, व्यावसायिक १ किलो
• मेफेड्रोन: अल्प २ ग्रॅम, व्यावसायिक ५० ग्रॅम
• एमडीएमए: अल्प अर्धा ग्रॅम, व्यावसायिक १० ग्रॅम
• एलएसडी: अल्प २ मिलिग्रॅम, व्यावसायिक १०० मिलिग्रॅम

मेफेड्रोन अल्प मात्रेत सापडलं तर एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अल्पच्या वर, पण व्यावसायिकच्या खाली असेल तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा आणि एक लाखापर्यंत दंड. व्यावसायिक मात्रा असेल तर कमीत कमी दहा वर्षं, जास्तीत जास्त वीस. शिवाय कलम ३७ मुळे जामीन जवळपास अशक्य. आरोपी दोषी नाही असं मानायला सबळ कारण आहे आणि बाहेर गेल्यावर तो पुन्हा गुन्हा करणार नाही, अशी कोर्टाची खात्री पटावी लागते.

आता दोन ग्रॅम म्हणजे किती? चहात घालतो त्या साखरेचा अर्धा चमचा. त्याच्या जरासं पुढे गेलात की एक वर्षाची कमाल शिक्षा थेट दहा वर्षांवर जाते. आणि इथे एक मोठी गंमत आहे, जी गंमत नाही. एप्रिल २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने हिरा सिंग प्रकरणात सांगितलं की भेसळीचं वजनसुद्धा धरायचं. म्हणजे पाच ग्रॅमच्या पाकिटात एक ग्रॅम एमडी आणि चार ग्रॅम ग्लुकोज असेल, तरी कायद्यासाठी ते पाच ग्रॅम. विकणाऱ्याने तुम्हाला फसवलं आणि शिक्षाही तुमचीच वाढली. एलएसडीच्या कागदाचं वजन धरायचं की नाही यावर आपल्या मुंबई हायकोर्टातही बराच वाद झाला, आणि दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने कागदाचं वजनही धरायचं असं सांगितलं. अल्प मात्राच दोन मिलिग्रॅम असताना त्या छोट्या चौकोनाचं वजन किती महाग पडतं, हिशोब तुम्हीच करा.

आणखी तीन गोष्टी, ज्या माझ्या ओळखीच्या बहुतेकांना माहीत नव्हत्या.

एक, 'मला माहीतच नव्हतं बॅगेत काय आहे' हे नुसतं म्हणून चालत नाही. कायदा गृहीत धरतो की तुम्हाला माहीत होतं. माहीत नव्हतं हे सिद्ध करण्याचं ओझं तुमच्यावर. त्यामुळे 'भाई, हे पार्सल जरा स्टेशनवर देऊन ये, पाचशे देतो' असं कुणी म्हणालं, तर त्या पाचशेची खरी किंमत दहा वर्षं असू शकते.

दोन, स्वतः न घेता, न विकता फक्त जागा दिली तरी गुन्हा आहे. घरात, गाडीत, भाड्याच्या बंगल्यात हे चाललंय हे माहीत असून ज्याच्या ताब्यात ती जागा आहे त्याने चालू दिलं, तर तोही आरोपी होतो.

तीन, तुमचेही हक्क आहेत. अंगझडती घेण्याआधी, 'राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती हवी का' हे पोलिसांनी तुम्हाला सांगावं लागतं, ते कलम ५०. मुलीची अंगझडती फक्त महिलेनेच घ्यायची. मात्र हे कलम अंगझडतीला आहे, बॅगेला नाही.

त्या रात्री कुणी फोन केला नाही

आता एक गोष्ट, नाव-गाव न सांगता. दोन वर्षांपूर्वी एका वाढदिवसाला आमचा ग्रुप समुद्राजवळच्या एका भाड्याच्या बंगल्यावर होता. रात्री दीडच्या सुमाराला एक मुलगा घामाने निथळायला लागला. छाती धरून बसला. 'धडधडतंय, धडधडतंय' एवढंच म्हणत होता. त्याने काय घेतलंय हे दोघांना माहीत होतं. आम्हाला बाकीच्यांना अंदाज होता. आणि आम्ही अकरा जण, सगळे डिग्री कॉलेजवाले, चाळीस मिनिटं फक्त चर्चा करत बसलो. '१०८ ला लावायचा का? पोलीस आले तर? घरी कळलं तर?' कुणी लिंबू पाजलं, कुणी झोप म्हणालं. शेवटी बंगल्याची देखभाल करणारे काका उठून आले, शिव्या घातल्या आणि आपल्या रिक्षातून त्याला दवाखान्यात घेऊन गेले.

तो वाचला. आज नोकरी करतो. पण ती चाळीस मिनिटं आमच्या नशिबाने सुटली. आमच्या शहाणपणाने नाही. मी त्या अकरांमधली एक होते, म्हणून लोकलमध्ये गप्प बसल्याचं मला जास्त लागलं.

तेव्हा मला हे माहीत हवं होतं: असं काही झालं तर आधी १०८. माणसाला एकटं सोडायचं नाही. बेशुद्ध असेल तर कुशीवर वळवायचं. अंग तापलं असेल तर कपडे सैल करा, वारा घाला, ओल्या कपड्याने पुसा. बळजबरीने उलटी करायला लावू नका, दारू किंवा झोपेची गोळी देऊ नका. आणि डॉक्टरला खरं सांगा: काय घेतलं, कधी, सोबत दारू होती का, कुठलं औषध चालू आहे का. डॉक्टर अंदाजावर उपचार करत बसले तर वेळ तुमच्या मित्राचा जातो.

पोलिसांना कळणारच नाही असं खोटं आश्वासन मी देणार नाही. कळू शकतं. पण याच कायद्यात कलम ६४ अ आहे. व्यसनात अडकलेल्या माणसावर सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा गुन्हा असेल आणि तो स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी व्यसनमुक्तीचे उपचार घ्यायला तयार असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. उपचार मधेच सोडले तर ते काढूनही घेता येतं. म्हणजे कायद्यालाही माहीत आहे की अडकलेला माणूस आणि विकणारा माणूस एक नाहीत. केस उभी राहू शकते, वकील करता येतो. गेलेला मित्र परत आणता येत नाही.

आई-बाबांच्या पिढीचा 'गर्द'

हे काही आपल्याच पिढीला झालंय असं नाही. ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्यात ब्राउन शुगरने, म्हणजे तेव्हाच्या भाषेत 'गर्द'ने, अशीच पोरं गिळली. अनिल अवचटांनी त्यावर लिहिलं, आणि १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट आणि त्यांनी पुण्यात 'मुक्तांगण' उभं केलं. आजही तिथे लोक जातात आणि बरे होऊन परततात. घरी हा विषय काढायचा असेल तर 'तुमच्या वेळी गर्द होतं ना?' असं विचारून बघा. मी विचारलं. बाबांनी त्यांच्या चाळीतल्या दोन मुलांची नावं सांगितली, जी मी आधी कधीच ऐकली नव्हती. मग आम्ही तासभर बोलत होतो.

आणि केमिस्ट्रीवाल्यांनो

सुरुवातीचा मुद्दा. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी दौंड तालुक्यातल्या कुरकुंभ एमआयडीसीत कारखान्यावर छापा टाकला. त्याआधी ऑक्टोबर २०२३ मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावात असाच एक कारखाना सापडला होता. प्रत्येक वेळी कुणीतरी केमिस्ट्री जाणणारं लागतं. आपला जिल्हा तारापूरच्या केमिकल पट्ट्याचा आहे. पालघर, बोईसर, विरारची कितीतरी मुलं तिथे ट्रेनी म्हणून लागतात. चांगल्या नोकऱ्या आहेत त्या. पण कंपनीचं नाव न सांगणारा, प्रॉडक्टचं नाव विचारल्यावर 'इंटरमीडिएट आहे' एवढंच पुटपुटणारा, फ्रेशरला रोखीत दुप्पट-तिप्पट पगार देणारा कुणी भेटला, तर विचारा: परवाना कुठाय? अपॉइंटमेंट लेटर कुठाय? बनवणाऱ्यालाही तेच कलम लागतं, आणि कारखान्यात पन्नास ग्रॅम हा आकडा पहिल्या तासातच मागे पडतो.

परवा पुन्हा तीच लोकल होती. त्या दोघी दिसल्या नाहीत. पण तुमच्या डब्यात, कट्ट्यावर, ग्रुपवर कुणीतरी 'एमडी म्हणजे एमडीएमएच' म्हणेल. तेव्हा माझ्यासारखं गप्प बसू नका.

हे नंबर सेव्ह करून ठेवा

• अ‍ॅम्ब्युलन्स: १०८
• कुठलीही आपत्कालीन मदत: ११२
• व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन: १४४४६
• ड्रग्जविषयी माहिती द्यायला किंवा मदत घ्यायला 'मानस': १९३३
• मन मोकळं करायला, समुपदेशनासाठी 'टेलि-मानस': १४४१६